आणलेला दाब आणि आलेला दाब

डॉक्टर सत्यवती मेहरे यांचं काम असं, की ते नीट झालं तर कुणाच्या लक्षात राहत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरला पेशंट भेटतो तो घाबरलेला, आणि ओळख होते न होते तोच झोपतो. जागा झाला की त्याचे डोळे सर्जनला शोधतात, नातेवाइकांचे हात सर्जनच्या पायांकडे जातात, पेढ्यांचा पुडा सर्जनच्या टेबलावर उघडतो. सत्यवतीबाई तोवर पुढच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढत असतात. नाटकात पडद्याची दोरी धरणाऱ्या माणसाला टाळ्या सगळ्यांत स्पष्ट ऐकू येतात, पण त्या त्याच्यासाठी नसतात. याचं वाईट वाटून घेणारा माणूस त्या दोरीपाशी फार दिवस टिकत नाही. सत्यवतीबाई पंचवीस वर्षांहून जास्त टिकल्या.

राहायला त्या अमरावतीत. आठवड्यातले काही दिवस तिथल्या दवाखान्यांचे, काही अकोल्याचे. एक करड्या रंगाची लहान मोटार, मागच्या सीटवर औषधांची काळी बॅग, आणि वाटेत मूर्तिजापूरला चहा. चहावाला त्यांना शिक्षिका समजतो. त्याने एकदा विचारलं, "बाई, तुमची शाळा रोज बदलते का?" सत्यवतीबाई म्हणाल्या, "हो, बदलते." एवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

माहेर रिद्धपूरजवळचं. वडिलांचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. पण मळा खरा चालवला तो आईने, जाईबाईने. पंप सुरू झाला की पाणी दांडातून धावत यायचं आणि जाईबाई फावडं घेऊन वाफ्यांच्या तोंडाशी उभी राहायची. या वाफ्याचं तोंड उघड, त्याचं मातीने बंद कर. कुंपणालगतचा एक वाफा बाकीच्यांपेक्षा जरा उंच होता. पंप जोरात सोडला तर खालचे बांध फुटायचे. हळू सोडला तर उंचावरचा वाफा कोरडा राहायचा, आणि वांगी दुपारपर्यंत मान टाकायची. लहानपणी सत्यवतीने फावडं मागितलं तेव्हा जाईबाई म्हणाली होती, "पानी सोडनं काई कठीन नाई वं पोरी. वरच्या वाफ्याले पोचलं का नाई, ते पाह्य आधी." पुढे पोरगी नागपूरला शिकली, भूलशास्त्राची पदवी घेऊन आली, आणि जन्मभर तेच करत राहिली. फावड्याच्या जागी सिरिंज आली, एवढंच.

नाकाच्या ऑपरेशनमध्ये हे जितकं उघड दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही. नाक म्हणजे अरुंद बोळ. सर्जन त्यात बारीक दुर्बीण घालतो आणि समोरच्या पडद्यावर पाहत काम करतो. एका बाजूला डोळा, वर मेंदू, मध्ये कांद्याच्या पापुद्र्यासारखं हाड. अशा ठिकाणी रक्ताचा एक थेंब भिंगावर आला की सगळा देखावा लाल. कुठला कोपरा नाकाचा आणि कुठली भिंत डोळ्याची हे कळेनासं होतं. म्हणून रक्ताचा दाब मुद्दाम खाली आणून ठेवायचा. दाब खाली, तर पाझर कमी. पाझर कमी, तर सर्जनला वाट दिसते. मात्र उशाकडची बाजू उंच केलेली असते आणि मेंदू सगळ्यांत वर असतो. तिथवर रक्त पोचलंच पाहिजे. भूल देणाऱ्याची सगळी कला या दोन गोष्टींच्या मधल्या पट्टीत.

औषधं काळाप्रमाणे बदलत गेली आणि सत्यवतीबाईंनी प्रत्येकाशी जुळवून घेतलं. सुरुवातीला भूलच खोल द्यायची आणि दाब आपोआप उतरायचा. पेशंट मग तासन्‌तास जागा व्हायचा नाही. नंतर नायट्रोग्लिसरीनचं ठिबक आलं. ते चंचल नटासारखं, क्षणात येणार, क्षणात जाणार. रक्तवाहिन्या सैल करून दाब पाडायचं खरं, पण हृदय घाबरून धावत सुटायचं आणि नाकात पाझर होता तसाच. मग हृदयाचा वेग आवरणारं एस्मोलॉल आलं. ते कमी वेळ टिकतं, आणि तोच त्याचा गुण. अलीकडे डेक्समेडेटोमिडीन हे लांबलचक नावाचं औषध त्यांच्या बॅगेत असतं. ते संथ. पंपातून थेंबाथेंबाने सोडलं की नाडी मंदावते, दाब पायरी पायरीने उतरतो आणि पेशंट शांतपणे जागा होतो. या सगळ्यांत सत्यवतीबाईंना आवडणारी गोष्ट एकच होती. बंद केलं की यांचा अंमल उतरतो. जे आपण खाली नेलं, ते आपल्याला परत वर आणता येतं.

अकोल्यात त्यांचं नाकाचं काम बहुतेक डॉक्टर गजेंद्र ढोले यांच्याकडे. गजेंद्र वयाने पंधरा-सोळा वर्षांनी लहान, हाताने फार हळुवार आणि तोंडाने उतावळा. दोघांचं वर्षानुवर्षं ठरलेलं संभाषण होतं.

"मॅडम, थोडं खाली."

"आणते."

"अजून थोडं."

"इथवरच."

यापलीकडे ऑपरेशनच्या वेळी ती दोघं फारसं बोलत नसत.

बार्शीटाकळीचे रामराव इंगोले या दवाखान्यात आले ते नाक पूर्ण बंद झालं म्हणून. ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव पुकारा करण्याचा त्यांचा धंदा. डोळ्यांचं शिबिर, भागवत सप्ताह, बियाण्यांचं दुकान, हरवलेली म्हैस, कुणाची तेरवी. तालुक्यात काही घडणार असेल तर ते आधी रामरावांच्या तोंडून कळायचं. नाकात दोन्हीकडून मांस वाढलं होतं. त्यामुळे तोंडाने श्वास, रात्री घोरणं, आणि आवाज असा गेंगाणा की 'म' त्यांच्या तोंडून 'ब' होऊनच बाहेर पडे. शिबिर 'बोफत' असायचं आणि बाजार 'बंगळवारी'. पोरं ऑटोमागे धावत नक्कल करायची. पण आवाज ओळखीचा असल्यामुळे लोक थांबून ऐकायचे, आणि पुकारा करणाऱ्याला आणखी काय हवं?

सोबत त्यांची बायको पार्वताबाई. बुटकी, गोरटेली, नवऱ्याला उद्देशून विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देणारी.

पहिल्या तपासणीत सत्यवतीबाईंनी पट्टा बांधला आणि दाब पाहिला. दुसऱ्या दंडालाही पाहिला. चांगलाच चढलेला होता.

"रामराव, दाबाची गोळी कधी सुरू केली होती का?"

"गोयी? बले काय झालं?"

"त्याइले काईच नाई होत," पार्वताबाई म्हणाली. "बैलासारखी तब्येत हाय. गोयी काहून पाह्यजे?"

"मावशी, हा दाब आजचा नाही, जुना दिसतो. असा असताना मी यांना झोपवणार नाही. फिजिशियनकडे जा, ते गोळी देतील. रोज एक, न चुकता. तीन आठवड्यांनी ऑपरेशनची तारीख धरू, त्या सकाळी मी पुन्हा पाहीन. दाब उतरला नाही तर ऑपरेशन नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी जरा ठासून म्हटलं. पंचवीस वर्षांत शेकडो लोकांना म्हटलेलं वाक्य. पाठ झालेलं, आणि म्हणून थोडं निष्काळजी.

ठरलेल्या दिवशी दोघं उपाशीपोटी हजर झाली. आदल्या दिवशी सत्यवतीबाईंनी फोनवर बजावलं होतं, की ऑपरेशनच्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची नाही, कारण ती भुलेबरोबर जमत नाही. टेबलावर आडवे झालेल्या रामरावांचा दाब पडद्यावर उमटला तो कॉलेजातल्या पोराचा वाटावा असा.

"गोळ्या घेतल्या ना सगळ्या?"

"घेतल्या, ब्याडब."

"आज नाही ना घेतली?"

रामरावांनी दाराकडे पाहिलं. दारातून पार्वताबाई म्हणाली, "नाई नाई. आज तं पान्याचा घोटच."

सत्यवतीबाईंना तो आकडा पाहून बरं वाटलं. जुन्या दाबाच्या माणसाचा एवढ्या लवकर एवढा गुणी आकडा त्यांनी क्वचितच पाहिला होता, आणि खरं म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं. ज्या नटाचं पाठांतर एकाच रात्रीचं असतं, तो पहिला प्रवेश फार चोख करतो.

भूल दिली. नळी घातली. नाकात औषधाच्या पट्ट्या ठेवल्या. डेक्समेडेटोमिडीनची सिरिंज पंपात बसवली. बटण अजून दाबलं नव्हतं. भुलेने दाब थोडा उतरतोच, तसा उतरला. मग आणखी उतरला. मग उतरतच राहिला. सत्यवतीबाईंनी मेफेन्टरमिन दिलं. हे त्यांच्या रोजच्या वापरातलं दाब चढवणारं औषध. आकडा किंचित उचलला आणि पुन्हा बसला. दुसऱ्यांदा दिलं. पुन्हा तेच. त्यांनी सलाइन मोठं केलं, उशाकडची बाजू सपाट करायला लावली.

गजेंद्र तेवढ्यात दुर्बीण घालून आत पाहत होते. मोठ्या पडद्यावर नाकाची पोकळी धुतल्यासारखी पांढरी दिसत होती, आणि तीत ते मांसाचे मणी, फिकट, चकचकीत, एकेक मोजून घ्यावेत असे.

"मॅडम, आज कमाल केलीत. एक थेंब नाही. औषध कुठलं लावलंत?"

"अजून काहीच लावलेलं नाही," सत्यवतीबाई म्हणाल्या.

गजेंद्रनी दुर्बीण बाहेर काढली.

भूल दिलेल्या माणसाला सोडून हलायचं नसतं. म्हणून सिस्टरला सांगून सत्यवतीबाईंनी पार्वताबाईला थिएटरच्या दाराशी बोलावलं आणि पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "मावशी, सकाळी गोळी दिली का?"

"नाई हो."

"मी रागावणार नाही. पण मला कळलं नाही, तर तुमच्या माणसाचं मी काही करू शकणार नाही."

पार्वताबाईने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "देल्ल्या."

"किती?"

"चार."

"एकदम?"

"घोटभर पान्यासंगं. निंगताना."

"आणि मागचे तीन आठवडे?"

"ते नाई घेतल्या. डबी तशीच ठुली. मोठ्या जेठांनी गोयी सुरू केली तं थे आजवर सुटली नाई, बाई. एकदा लागली का जल्माची सोयरीक. मी म्हनलं, रोज काहून घ्या? ज्या दिवशी पाह्यजे त्या दिवशी घेऊ. तुमीच म्हनल्या ना, दाब उतरला नाई तं आपरेशन नाई."

तिच्या बोलण्यात लबाडी नव्हती. परीक्षेच्या सकाळी वाचावं तसं तिने नवऱ्याला तयार करून आणलं होतं. बाईंच्याच वाक्याचा तिने शब्दशः मान राखला होता.

"जा, बाहेर बसा," सत्यवतीबाई म्हणाल्या. "काही झालं तर मी स्वतः सांगेन."

गजेंद्र हात छातीशी धरून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, हा आकडा पाहा. तुम्ही नेहमी मला देता तोच आहे. एरवी तो आणायला तुम्ही अर्धी बॅग रिकामी करता. आज आयता मिळालाय. मी भराभर हात चालवतो. या माणसाला पुन्हा आणायचं, पुन्हा झोपवायचं, त्यापेक्षा..."

गजेंद्र वाईट सर्जन नव्हते. समोर असं स्वच्छ नाक दिसल्यावर कुठलाही सर्जन हेच म्हणाला असता. आणि आकडा खरंच तोच होता.

"मी आणलेला असता तर दिला असता, गजेंद्र," सत्यवतीबाई म्हणाल्या. "मी आणलेला मला परत नेता येतो. हा माझ्या हातातला नाही. मी दोनदा वर ओढला, दोनदा सुटला. आणि आपल्याला वाटत होतं याची मोठ्या दाबाची सवय मोडलीय. मोडलेली नाही. वर्षानुवर्षं याचा मेंदू मोठ्या दाबावर जगलाय. तुमच्या-माझ्या मेंदूला हा आकडा पुरेल. याच्या मेंदूत, तिथे वर, पोचतंय का, ते मला दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जागा होईल तेव्हा बोलेल की नाही, हे मला आत्ता सांगता येत नाही. त्याचं पोट बोलण्यावर आहे."

गजेंद्रनी एकदा पडद्याकडे पाहिलं, जिथे मघाशी ते पांढरं नाक होतं. मग पट्ट्या काढून घेतल्या आणि हातमोजे उतरवले. "उठवा," ते म्हणाले. त्यात थोडा राग होता, पण तो कुणावर हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

सत्यवतीबाईंनी नॉरअॅड्रेनालिनचं बारीक ठिबक लावलं. त्या जातीच्या गोळ्या पोटात असल्या की साधी औषधं हात टेकतात आणि हे औषध तेवढं दाबाला ऐकायला लावतं. दाब हट्टी बैलासारखा एकेक पाऊल वर चढू लागला. तो जिथे हवा तिथे आल्यावर त्यांनी भूल बंद केली आणि रामरावांच्या उशाशी स्टूल ओढून बसल्या.

असा वेळ जात नाही. रामरावांनी श्वास घेतला. नळी काढली. पापण्या हलल्या, उघडल्या, आणि डोळे छताकडे लागले.

"रामराव."

उत्तर नाही.

"रामराव, माझा हात दाबा."

डाव्या हाताने दाबला. उजवा तसाच पडून राहिला. सत्यवतीबाईंनी उजवा हात आपल्या हातात घेतला आणि पुन्हा तेच सांगितलं. बोटं थंड होती. गजेंद्र टेबलाच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले. सिस्टरने ट्रे उचलला आणि आवाज होईल म्हणून तसाच धरून ठेवला.

"रामराव, हा हात. दाबा."

बोटं हलली. मग घट्ट झाली. सत्यवतीबाईंनी श्वास सोडला, पण हात सोडला नाही, कारण अर्धंच उत्तर मिळालं होतं. रामरावांचे ओठ हलत होते. जीभ टाळूला लागत होती आणि सुटत होती. खूप लांबून येणाऱ्या ऑटोसारखा एक घरघराट त्यांच्या घशातून आला, आणि त्यामागून तो अख्ख्या तालुक्याच्या ओळखीचा आवाज.

"ब्याडब," ते म्हणाले, "झालं का?"

"नाही झालं."

रामरावांनी नाकाने श्वास ओढून पाहिला. "तरीच. बुजलेलंच हाय," ते म्हणाले आणि पुन्हा झोपले.

गजेंद्र हसू दाबायला भिंतीकडे वळले. सत्यवतीबाईंनी बॅग उघडली आणि न वापरलेली सिरिंज बाजूला काढली.  मग उगाचच त्या बॅगेत काहीतरी शोधत राहिल्या.

संध्याकाळी वॉर्डात पार्वताबाई खाली मान घालून बसली होती. शिव्या खायची तिची तयारी होती. सत्यवतीबाईंनी तिला एवढंच विचारलं, "मावशी, चारच का? दोन का नाही?"

"मांगच्या खेपेले लय वर होता ना," पार्वताबाई म्हणाली. "मी म्हनलं, दोनानं काय होते?"

सत्यवतीबाई तिच्या शेजारी बाकावर टेकल्या आणि घाई न करता तिला समजावून सांगितलं. नदी, पंप, वाफे, असं सगळं. पार्वताबाईचं माहेरही बागायतीचं निघालं. उंचावरच्या वाफ्यापाशी आल्यावर तिने मान वर केली. "म्हंजे पानी रोज थोडं थोडं द्या लागते," ती म्हणाली. "एका दिवशी चार बाऱ्या सोडल्या तं झाड बसते."

"बसतं."

"मंग हे तुमी पयल्या दिवशीच काहून नाई सांगतलं?"

 त्या दिवसापासून सत्यवतीबाईंनी ते पाठ झालेलं वाक्य सोडून दिलं. आता त्या 'उतरला नाही तर ऑपरेशन नाही' म्हणत नाहीत. 'गोळी घेता का?' असंही विचारत नाहीत. 'काल कधी घेतली, परवा कधी घेतली, आणि हाताने कोणी दिली?' असं विचारतात. वेळ लागतो. मूर्तिजापूरचा चहा कधीकधी हुकतो.

रामराव पुन्हा आले ते दीड-दोन महिन्यांनी. या वेळी दाब तेवढा गुणी नव्हता. साधा, कष्टाने आणलेला, विश्वास ठेवावा असा होता. सत्यवतीबाईंनी पंपाचं बटण दाबलं. औषध थेंबाथेंबाने गेलं, नाडी मंदावली, आकडा एकेक पायरी उतरला. मध्येच नाडी जरा उसळली तेव्हा एस्मोलॉलचा एक हलका हात दिला.

"मॅडम, थोडं खाली."

"आणते."

"अजून थोडं."

"यांच्यासाठी इथवरच. नेहमीपेक्षा पायरीभर वर थांबतेय."

गजेंद्रनी हात पुढे चालवला. नाक मागच्यासारखं पांढरंशुभ्र नव्हतं. कडांना गुलाबी पाझर होता, तो मधूनमधून ओढून घ्यावा लागत होता. वेळ जास्त लागला. पण सोललेल्या द्राक्षांसारखे ते मणी एकेक करून बाहेर आले, दोन्ही बाजूंची वाट मोकळी झाली, पंप बंद केला आणि दाब सांगितल्यासारखा वर आला. हाक मारताच रामरावांनी डोळे उघडले.

नाकातला कापूस निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा गजेंद्रचे पाय धरले. मग दारात मास्क-टोपी उतरवून उभ्या असलेल्या सत्यवतीबाईंकडे बोट करून बायकोला हळूच विचारलं, "ह्या बाई कोन वं?"

"हे नाई का," पार्वताबाई म्हणाली, "गोया इचारनारी बाई."

सत्यवतीबाईंनी नमस्कार घेतला आणि बॅग उचलून निघाल्या. अमरावतीत दुपारचं एक ऑपरेशन होतं.

पुढची हकीकत त्यांना गजेंद्रकडून कळली. रामरावांचा आवाज स्वच्छ झाला. शिबिर 'मोफत' झालं, बाजार 'मंगळवारी' भरू लागला, आणि पहिल्याच पुकाऱ्याला कुणी थांबलं नाही. हा कोण नवा माणूस, म्हणून बाया पाण्याच्या नळावरून हलल्या नाहीत. ज्यांची म्हैस हरवली होती त्यांनी पार्वताबाईकडे तक्रार केली, की आमी रामरावाले सांगतलं होतं, तुमी कोनाले पाठोलं?

तेव्हापासून ठरून गेलंय. सकाळी ऑटो निघायच्या आधी पार्वताबाई एक गोळी रामरावांच्या तळहातावर ठेवते आणि ती गिळेपर्यंत चाकापुढून हलत नाही. मग रामराव भोंगा लावतात, दोन बोटांनी नाक चिमटीत धरून पहिली ओळ जुन्या आवाजात पुकारतात, आणि बाया दारात आल्या की नाक सोडून देतात.